पावसाळ्यात आधी करून ठेवलेला टॉपर: झोपाळ्यावरच्या आजींचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुलुंडमधल्या एका घरगुती बेकरकडे जुलैच्या सुरुवातीला ऑर्डर आली. आजींची पंचाहत्तरी होती, महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी, दादरच्या एका हॉलमध्ये. केक आठ इंची, दोन किलोचा, बिनअंड्याचा, केशर-पिस्ता, वर व्हिप्ड क्रीम. त्यावर टॉपर, म्हणजे केकवर बसवायची सजावट, म्हणून झोपाळ्यात बसलेल्या आजी हव्या होत्या: मरून नऊवारी, हिरवे काठ, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा, नाकावर चष्मा, हातात अडकित्ता, बाजूला तुळशीवृंदावन. बसलेली मूर्ती चार इंच, झोपाळ्याची चौकट सात इंच, खालचा तळ सहा इंचांचा.

ऑर्डर देणाऱ्या नातीचं म्हणणं होतं, "ताई, हे आम्ही कापणार नाही. आजी शोकेसमध्ये ठेवणार आहे. पण पोरं काहीतरी तोडून खातीलच, तेव्हा सगळं खाण्याजोगं हवं." इथेच पहिला निर्णय घ्यायचा होता आणि तो घेतला गेला नाही. टिकवायची वस्तू आणि खायची वस्तू यांचं बांधकाम वेगळं असतं. टिकवायच्या वस्तूत काडी, पुठ्ठा, तार चालते. पूर्ण खाण्याजोग्या वस्तूत सगळा भार साखरेवर येतो, आणि सात इंची झोपाळ्याचा भार पावसाळ्यात साखर पेलत नाही. बेकरने दोन्ही गोष्टींना हो म्हटलं.

दोन गोष्टी मात्र तिने नीट विचारून घेतल्या. घरी चातुर्मास पाळतात हे कळल्यावर फाँडंटच्या, म्हणजे मूर्ती घडवायच्या साखरेच्या पेस्टच्या, पाकिटावरची हिरवी खूण तपासली. बऱ्याच फाँडंटमध्ये जिलेटिन असतं आणि ते प्राणिजन्य असतं, त्यामुळे केक बिनअंड्याचा असला तरी वरची मूर्ती शाकाहारी असेलच असं नाही. पेस्ट कडक करणारी सीएमसी पावडर वनस्पतींच्या सेल्युलोजपासून बनते, तिची अडचण नव्हती. दुसरं, नातीने पाठवलेला फोटो जुना होता. कुंकू, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या आज दाखवायच्या का, हे तिने स्पष्ट विचारलं. घरच्यांनी सांगितलं की आजी हल्ली बारीक टिकली लावतात, गळ्यात फक्त तुळशीची माळ असते. असे प्रश्न विचारायला अवघड वाटतं, पण ते ऑर्डर घेतानाच विचारायचे. समारंभात भर लोकांत चूक कळली तर ती दुरुस्त होत नाही.

पहिली फेरी

कार्यक्रमाच्या आधी दहा दिवस, गुरुवारी, काम सुरू झालं. पाव किलो पांढऱ्या फाँडंटला एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ३ ग्रॅम सीएमसी मळून पेस्ट रात्रभर मुरवली होती. गुरुवारी धड झालं: ९५ ग्रॅमचा भरीव शंकू. त्याच दिवशी बांबूच्या काडीवर डोकं करून लाकडी ठोकळ्याच्या भोकात उभं वाळत ठेवलं, आणि पाच मिलिमीटर जाडीची झोपाळ्याची फळी कापली. शुक्रवारी धडावर साडी चढली आणि हात जोडले. शनिवारी डोकं मानेत बसवून केस, गजरा, चष्मा लावून मूर्ती पूर्ण झाली. त्या रात्री ती झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात गेली. आठ दिवस हातात आहेत, फक्त झोपाळा जोडायचा राहिला, असा हिशेब होता.

अडचण

रविवारी दिवसभर धो धो पाऊस. दुपारी डबा उघडला तर साडीला चकाकी आली होती आणि बोट लावलं की ठसा उमटत होता. घरात कुणीतरी सुचवलं म्हणून मूर्ती फ्रिजमध्ये गेली. सोमवारी सकाळी बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत तिच्यावर थेंब जमले. मरून रंग ओघळून पांढऱ्या गजऱ्यावर गेला. अडकित्ता धरलेला उजवा हात कोपरातून खाली आला, धड बुडाशी फुगून बसलं, मान अर्धा इंच खचली. फळीची दोन्ही टोकं वर वळली होती. हातात सहा दिवस होते.

नेमकं काय बिघडलं

दमट हवेला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण इथे चार वेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्या होत्या. त्या सुट्या केल्याशिवाय पुढचा मार्ग ठरला नसता.

धड भरीव होतं. ९५ ग्रॅमच्या गोळ्याची वरची साल एका दिवसात कडक होते, गाभा मात्र आठवडाभर मऊ राहतो. त्यावर दुसऱ्याच दिवशी ओली साडी चढली. आता गाभ्यातलं पाणी बाहेर पडायला वाट उरली नाही, ते साडीत शिरलं.

साडीचा मरून रंग पांढऱ्या पेस्टमध्ये जेल रंग ओतून केलेला होता. गडद छटेला जेल फार लागतं आणि बहुतेक जेल रंगांत ग्लिसरीन असतं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, त्यामुळे अशी पेस्ट कोरड्या दिवसांतही उशिरा वाळते.

हवाबंद डबा कोरडा असतो, हा समज फार जणांचा असतो. तो बाहेरचा दमटपणा अडवतो तसाच आतलाही अडवतो. अर्धवट ओली मूर्ती आत ठेवली की तिचंच पाणी डब्यात फिरत राहतं. शुद्ध साखर साधारण ८५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळू लागते, आणि ग्लुकोज, ग्लिसरीन मिसळलेली पेस्ट त्याच्याही बरीच आधी. मुंबईत जुलैच्या सकाळी बाहेरची आर्द्रताच ८५च्या वर जाते.

शेवटचा घाव फ्रिजने घातला. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असलेली कोणतीही वस्तू उघड्या हवेत आली की तिच्यावर पाणी जमणारच. फ्रिजमधून चार-पाच अंशांवर आलेल्या साखरेच्या मूर्तीला सुटका नव्हती.

फळीचं कारण साधं होतं: तीन दिवस ती एकाच बाजूवर पडून होती. वरची बाजू आधी आकसली आणि टोकं उचलली गेली. दर सहा तासांनी उलटली असती आणि जाळीवर ठेवली असती तर ती सरळ राहिली असती.

पर्याय

पहिला पर्याय डागडुजीचा. ओघळलेला रंग पुसायचा, साडीवर कॉर्नफ्लोअर मारायचं, हाताला आधार द्यायचा. दिसायला हा सर्वांत कमी कामाचा, पण ओला गाभा तसाच राहिला असता आणि दादरला पोचेपर्यंत मान पुन्हा बसली असती.

दुसरा, ॲक्रिलिकचा कापीव किंवा छापील टॉपर मागवायचा. दोन दिवसांत मिळाला असता. मात्र कुटुंबाने मूर्तीचे पैसे मोजले होते, हा बदल त्यांना विचारूनच करता आला असता.

तिसरा, हवेत वाळणाऱ्या मातीची मूर्ती. शोकेससाठी खरं तर हीच उत्तम, पण "खाण्याजोगं हवं" ही अट मोडत होती आणि सहा दिवसांत नवीन माध्यमात चेहरा साधणं धोक्याचं होतं.

चौथा, बांधणी बदलून पुन्हा करायची आणि जे भाग नीट वाळलेत ते वाचवायचे. डोकं आधीपासून वेगळं, काडीवर, सगळ्या बाजूंनी हवा लागून वाळलं होतं. मऊ धडातून ते काडीसकट अलगद निघालं. चेहरा शाबूत होता, फक्त अंबाडा आणि गजरा वाया गेला. माणसाच्या मूर्तीत निम्मा वेळ चेहऱ्याचा असतो. तो हातात राहिल्यामुळे चौथा पर्याय शक्य झाला.

बेकरने त्याच दिवशी नातीला फोन करून परिस्थिती सांगितली आणि खाण्याजोग्याची अट सैल करून घेतली: झोपाळ्याचे खांब, मानेतली काडी आणि तळाचा पुठ्ठा खायचा नाही, बाकी सगळं खाता येईल. पुढचं सगळं याच फोनमुळे जमलं, आणि तो तीन आठवडे आधीच व्हायला हवा होता.

काय केलं

जागा आधी बदलली. स्वयंपाकघर सोडून बेडरूम, एसी ड्राय मोडवर २६ अंशांना, टेबलावर आर्द्रतामापक. काटा ५० ते ५५ टक्क्यांत राहिला. एसी २० वर ठेवायचा मोह होतो, पण खोली जितकी थंड तितकी मूर्ती बाहेर नेताना तिला घाम फुटायची भीती जास्त. २६ अंश हे दवबिंदूच्या वर आहे, त्याचा फायदा पुढे प्रवासात झाला.

धडासाठी भरीव पेस्ट सोडली. कोअर म्हणून थर्माकोल अनेक जण वापरतात. ते खाण्याजोगं नाही आणि महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे. तिने मुरमुरे वापरले: १५ ग्रॅम मुरमुरे भरड चुरून ३५ ग्रॅम वितळलेल्या पांढऱ्या कंपाउंड चॉकलेटमध्ये कालवले, प्लास्टिक लावलेल्या कागदी शंकूत दाबून बसवले, दहा मिनिटं फ्रिजमध्ये घट्ट केले आणि प्लास्टिक न काढता खोलीच्या तापमानाला येऊ दिले. मग कंपाउंडचाच पातळ हात मारून खाचा भरल्या. हा गाभा हलका असतो आणि त्यात ओल जवळजवळ नसते. त्यावर फक्त दोन मिलिमीटर पेस्टचं आवरण चढलं.

मंगळवारी रात्री आवरण घातल्यावर धड सोनाराच्या छोट्या काट्यावर ८२ ग्रॅम भरलं. बुधवारी सकाळी ८०.६, संध्याकाळी ८०.१, गुरुवारी सकाळी ८०, आणि दुपारीही ८०. वजन उतरायचं थांबलं म्हणजे वाळलं. वजन वाढलं तर वस्तू हवेतून पाणी घेतेय. बोटाने दाबून अंदाज घेण्यापेक्षा ही खूण कितीतरी भरवशाची आहे, शिवाय ठसे उमटत नाहीत.

मरून रंगासाठी तयार लाल फाँडंट घेऊन त्यात तपकिरी पावडर रंग मळला आणि पेस्ट रात्रभर झाकून ठेवली. लाल छटा मुरल्यावर आपोआप गडद होतात, म्हणून मळतानाच हवी ती छटा गाठायचा हट्ट करायचा नाही. रंगाचा उरलेला गडदपणा पेस्ट वाळल्यावर कोरड्या ब्रशने पावडर फिरवून आणला.

साडी गुरुवारी दुपारी, धड पूर्ण वाळल्यावर चढली. नऊवारी एका लांब पट्टीने नेसवायची नसते, इतक्या लहान मूर्तीवर तिचे थर साठतात. इथे चार तुकडे केले: मांड्यांवरून जाणारा खालचा भाग, मागे खोचलेला कासोटा, छातीवरून पदर, आणि शेवटी हिरव्या काठांच्या तीन मिलिमीटरच्या पट्ट्या. पेस्ट दीड मिलिमीटर लाटलेली, निऱ्या बारीक काड्यांवर घालून पाडलेल्या. चिकटवायला सीएमसीचा गोंद: पाव चमचा पावडर दोन मोठे चमचे उकळून गार केलेल्या पाण्यात रात्रभर भिजवून. तो पातळच लावायचा, सांध्यातून बाहेर आला की चकाकीचा डाग कायमचा राहतो. मरून पेस्टवर राहिलेले कॉर्नफ्लोअरचे पांढरे चट्टे कोरड्या मऊ ब्रशने काढले. वाफ दाखवून ते घालवण्याची रीत कोरड्या ऋतूतली, जुलैत ती टाळावी.

जरीचे काठ सोनेरी पावडर व्होडकात कालवून रंगवले. अल्कोहोल उडून जातं, पाणी साखर विरघळवतं. घरी चातुर्मास असल्याने व्होडकाबद्दल आधी विचारून परवानगी घेतली. पावडरच्या डबीवर "नॉन-टॉक्सिक" लिहिलेलं असलं म्हणजे ती खाण्याची झाली असं नाही. खाद्य म्हणून स्पष्ट लिहिलेलीच घेतली.

हात आधी हवेत होता. आता तो कोपरापासून मांडीवर टेकवला, अडकित्ता मांडीवरच्या पानाच्या तबकावर आडवा ठेवला. पंजे चार केले, दोन वापरायचे आणि दोन सुटे.

सर्वांत जास्त विचार झोपाळ्याचा झाला. साखरेच्या कड्यांवर ८० ग्रॅमच्या आसपासचं धड, डोकं आणि फळी टांगणं अशक्य. तेव्हा भार आणि देखावा वेगळे केले. फळीखाली मागच्या बाजूला मुरमुऱ्याचाच एक ठोकळा, जमिनीच्या रंगाच्या पेस्टने मढवून बसवला. समोरून तो निऱ्या आणि पायाखालच्या पाटामागे झाकला गेला. खांब सात इंची बांबूच्या काड्यांचे, तळाच्या पुठ्ठ्यात गरम गोंदाने पक्के करून वरून पेस्ट. कड्या म्हणजे दोन पदरी पिळाच्या दोऱ्या, सरळ पट्टीवर वाळवलेल्या, फळीला फक्त टेकलेल्या. त्यांच्यावर एक ग्रॅमही भार नाही. नवी फळी सोमवारीच कापली होती, या वेळी जाळीवर, दिवसातून चार वेळा उलटत. शुक्रवारपर्यंत ती सपाट राहिली.

शुक्रवारी अंबाडा, गजरा, तुळशीची पानं, शनिवारी जोडणी. साठवण पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोलीतच, तळाशी जाळीदार पिशवीत २०० ग्रॅम सिलिका जेल. रंग बदलणारं निळं जेल घेतलं नाही, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते अन्नाजवळ नको. पांढरं किंवा नारिंगी चालतं. मुंग्यांसाठी खोक्याच्या सगळ्या सांध्यांवर टेप.

प्रवास आणि मांडणी

केक आणि टॉपर वेगवेगळ्या खोक्यांत निघाले. गाडीचा एसी २७ वर, टॉपरचं खोकं मागच्या पायाशी सपाट जागेत, कारण सीट उतरती असते. सायनपर्यंत हायवे सरळ आहे, खड्डे आणि गतिरोधक त्यानंतर लागले. हॉलवर पोचल्यावर खोकं बंदच ठेवून अर्धा तास थांबले, आतली मूर्ती तिथल्या हवेशी जुळेपर्यंत.

केकमध्ये पाच जाड स्ट्रॉ केकच्या उंचीइतक्या कापून खोचल्या, त्यांवर टॉपरचा तळ टेकला. तळाला खालून पांढऱ्या कंपाउंडचा लेप होता, त्यामुळे क्रीमची ओल वर चढली नाही. टॉपर केक कापायच्या पाऊण तास आधीच चढला.

निष्पत्ती

मूर्ती उभी राहिली. वाटेत तुळशीची दोन पानं आणि एक पंजा मोडला, सुटे होते म्हणून पाच मिनिटांत बदलले. गजऱ्याच्या तीन कळ्या गळल्या, त्या पुन्हा लावल्या नाहीत. हिरव्या काठावर शेवटी किंचित चकाकी आली, कारण तो काठ मात्र जुन्या जेल रंगाच्या पेस्टचाच होता. एका मुलाने वृंदावनाचा कोपरा तोडून खाल्ला. काय खायचं नाही याची चिठ्ठी खोक्यावर लावलेली असल्याने कुणी घाबरलं नाही.

पैशांच्या बाजूने ऑर्डर तोट्यात गेली. टॉपरचे ३,००० रुपये ठरले होते, त्यात दोन वेळचं साहित्य आणि सहा दिवसांचा एसी बसला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

दहा दिवस आधी सुरुवात करणं चूक नव्हतं, चूक होती दहा दिवसांत काय करायचं याच्या क्रमात. फळी, कड्या, वृंदावनाच्या भिंती, डोकं, पंजे हे बारीक सुटे भाग जितके आधी तितके बरे. साडी मात्र धड वाळल्याचं वजनाने सिद्ध होईपर्यंत थांबायला हवी, आणि पांढरा गजरा गडद रंगाशेजारी शेवटच्या दोन दिवसांतच यावा. मूर्ती पूर्ण जोडून ठेवण्याचा आग्रह सोडला की एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

प्रत्येक रंगाच्या पेस्टची रुपयाच्या नाण्याएवढी चकती आधी करून, जिथे मूर्ती ठेवायची तिथेच दोन दिवस ठेवली असती, तर मरून जेलचा दोष साडी नेसवण्याआधी कळला असता. हिरव्या काठाचाही.

व्हिप्ड क्रीमवर एवढा जड टॉपर घेण्याऐवजी पावसाळ्यात गनाशचा आग्रह धरता येतो: डार्क चॉकलेट अडीच भाग, क्रीम एक भाग. ग्राहकाला क्रीमच हवं असेल तर स्ट्रॉ आणि लेप लावलेला तळ ठरलेल्या किमतीत धरून सांगावं.

ज्यांच्याकडे एसी नाही त्यांना हे काम अशक्य नाही, फक्त सावकाश होतं. घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात जाळीवर वस्तू, खाली अर्धा किलो सिलिका जेल, आणि जेल रोज बदलून ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर दोन तास कोरडं करून घ्यायचं. दिवा असलेल्या ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवला तरी उपयोग होतो: २९ अंशांची ८५ टक्के आर्द्र हवा ३५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास उतरते. फळी, पंजे, डोकं यांना हे चालतं. मुरमुरे-कंपाउंडचा गाभा असलेलं धड तिथे ठेवू नये, ३५ अंशांना कंपाउंड मऊ पडतं.